जास्वंदीची फांदी देताना-घेताना



आपल्या गावात एक फेरी मारा आणि ज्या ज्या परसात जास्वंद दिसेल तेथे थांबून एकच प्रश्न विचारा, "हे झाड कोठून आणले हो?" उत्तरे बहुधा सारखीच मिळतील. कोणी म्हणेल, "माहेरहून फांदी आणली होती." कोणी म्हणेल, "शेजारच्या काकूंनी दिली." कोणी सांगेल, "देवळाच्या आवारात छाटणी चालली होती, तेथून दोन काड्या उचलल्या." बियाणे विकत आणून जास्वंद लावली, असे सांगणारा माणूस मात्र सहसा भेटणार नाही.

याचे कारण साधे आहे. आपल्याकडच्या जुन्या लाल जास्वंदीला सहसा बी धरत नाही. सकाळी फूल उमलते, संध्याकाळी मिटते आणि एकदोन दिवसांत देठासकट गळून पडते. मागे बोंड राहत नाही. त्यामुळे हे झाड एका घरातून दुसऱ्या घरात गेले ते माणसाच्या हातून, फांदीच्या रूपाने. आपल्या अंगणातील जास्वंद ही आजीच्या अंगणातील जास्वंदीचाच एक तुकडा आहे, असे म्हटले तरी चालेल.

ही देवघेव फार चांगली आहे. पण फांदीबरोबर आणखी काही आपल्या घरी येऊ शकते. फांदीवर कीड असेल तर तीही येते आणि ती परसात न थांबता भेंडीवर, कपाशीवर, द्राक्षावर जाऊ शकते. म्हणून जास्वंद लावावी कशी, तिची निगा कशी राखावी, आणि फांदी देताना-घेताना काय पाहावे, या तीन गोष्टी आज आपण पाहणार आहोत.

प्रथम या झाडाची थोडी ओळख करून घेऊ. जास्वंदीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस असे आहे. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते आढळते. नावाचा अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. परंतु गुलाबाशी हिचे काही नाते नाही. हिचे गणगोत आपल्या शेतातच आहे. कापूस, भेंडी आणि अंबाडी ही सारी जास्वंदीची भावंडे. भेंडीचे पिवळे फूल आणि जास्वंदीचे लाल फूल शेजारी शेजारी ठेवून पाहा. पाच पाकळ्या, मधून निघालेली नळी, त्या नळीवर चिकटलेले परागकण. घराण्याची ठेवण लगेच ओळखू येते. ज्यांचे घराणे एक, त्यांच्या काही किडीही एकच असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

जास्वंदीचे प्रकार पुष्कळ आहेत. एकेरी लाल, पांढरी, गुलाबी, पिवळी, आणि भरगच्च पाकळ्यांची डबल जास्वंद आपण पाहतोच. पाकळ्या कातरलेल्या आणि फूल झुंबरासारखे लोंबणारे असा एक प्रकार बागेत असतो. तो मूळचा पूर्व आफ्रिकेतील असून ती जास्वंदीची वेगळी जात आहे. ज्या झाडाचे फूल कधी पुरते उमलत नाही, त्याला आपण मिरची जास्वंद म्हणतो. तीही याच कुळातील, पण निराळी. नव्या माणसाने सुरुवात करावी ती जुन्या एकेरी लाल जास्वंदीपासून. ती काटक आहे, लवकर मूळ धरते, आणि गणपतीला तिचेच फूल लागते.

आता लागवडीकडे वळू.

फांदी लावायला पावसाळ्याची सुरुवात उत्तम. मृगाचा पाऊस पडून हवेत गारवा आला म्हणजे काम हाती घ्यावे. फांदी निवडताना ती पेन्सिलीएवढ्या जाडीची असावी. अगदी कोवळा हिरवा शेंडा घेतला तर तो कुजतो. फार जून, जाड फांदी घेतली तर ती मूळ धरायला वेळ लावते. हिरवेपणा कमी होऊन तपकिरी रंग येऊ लागलेली फांदी बरोबर समजावी. तिचे वीतभर लांबीचे, तीन-चार डोळे असलेले तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा घ्यावा, वरचा काप सरळ घ्यावा. असे केले म्हणजे कोणते टोक वर आणि कोणते खाली, यात घोटाळा होत नाही. मुलांच्या हातून फांद्या लावून घेताना ही खूण फार उपयोगी पडते.

खालची सगळी पाने काढून टाकावीत. वरची दोन ठेवावीत आणि तीही निम्मी कापावीत. मूळ नसलेल्या फांदीला पाणी ओढून घेता येत नाही, आणि पाने तर पाणी उडवीतच असतात. पाने जास्त राहिली की फांदी सुकते. निम्मी माती आणि निम्मी रेती अशा मिश्रणात दोन डोळे आत जातील इतकी फांदी खोचावी. या वेळी शेणखत घालू नये, कारण मूळ फुटण्याआधी खताचा उपयोग नाही आणि कुजण्याची भीती मात्र वाढते. कुंडी सावलीत ठेवावी. पावसाची उघडीप असेल तर वरून प्लॅस्टिकची पिशवी सैलसर उपडी घालावी, म्हणजे ओलावा टिकतो.

साधारण चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. मध्येच एखादे हिरवे पान फुटलेले दिसते आणि आपण आनंदाने फांदी उपटून पाहतो. तसे करू नका. पहिली पालवी ही पुष्कळदा फांदीत साठलेल्या अन्नावर फुटते. मूळ त्याच्या मागून येते. उपटून पाहिले की नुकते फुटू लागलेले कोवळे मूळ तुटते आणि फांदी हातची जाते. चांगली पाच-सहा पाने आली म्हणजे मग रोप जागेवर लावावे. डबल फुलांच्या आणि नाजूक रंगांच्या जातींना फांदीवरून मूळ लवकर येत नाही. त्यांच्यासाठी गुटी कलम करावे, किंवा काटक लाल जास्वंदीवर कलम बांधावे.

जागा निवडताना एवढेच पाहावे की तेथे दिवसातून पाच-सहा तास ऊन येते आणि पाणी साचत नाही. भिंतीच्या गर्द सावलीत जास्वंद जगते, हिरवीगार दिसते, पण फुलत नाही. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. त्यात चांगले कुजलेले शेणखत एक-दोन घमेली आणि वरची माती मिसळून भरावी. एकटे झाड वाढवायचे तर दुसऱ्या झाडापासून पाच-सहा फूट अंतर असावे. कुंपण करायचे असेल तर दोन-तीन फुटांवर रोपे लावावीत. भारी काळी जमीन असेल तर खड्ड्याऐवजी थोडा उंचवटा करून त्यावर रोप लावणे अधिक चांगले. म्हणजे पावसाळ्यात मुळांभोवती पाणी तुंबत नाही.

पाणी किती द्यावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ठरावीक माप सांगता येत नाही, पण एक सोपी कसोटी आहे. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. आत ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर भरपूर द्यावे. उन्हाळ्यात जमिनीतल्या झाडाला दोन-तीन दिवसांनी आणि कुंडीतल्या झाडाला रोज पाणी लागते. बुंध्याभोवती पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरले तर पाणी वाचते आणि मुळांना चटका बसत नाही. मात्र हे आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नये, चार बोटे दूर ठेवावे.

आता फुलांविषयी. "झाड हिरवेगार आहे, पण फूल नाही," ही तक्रार आपण ऐकतो. याची तीन कारणे असतात. पहिले कारण सावली. दुसरे म्हणजे नत्राचे खत फार झालेले असते. युरिया मुठीने टाकला की पाने वाढतात आणि कळ्या मागे पडतात. तिसरे कारण, झाड वर्षानुवर्षे छाटलेलेच नसते. जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच लांबत गेल्या तर नवी फूट थोडी, म्हणून फुलेही थोडी.

तेव्हा वर्षातून एकदा छाटणी अवश्य करावी. पावसाळ्याच्या तोंडाशी केली तर सोयीचे, कारण छाटलेल्या फांद्या लगेच लावताही येतात. फांदीचा एक तृतीयांश भाग कापावा, त्याहून अधिक नको. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि वाळलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात. जूनच्या आत छाटणी उरकली की भाद्रपदात गणपतीच्या वेळेस नव्या फुटीवर फुले मिळतात. सगळे झाड एकदम छाटून बोडके करणे बरे नाही. निम्म्या फांद्या आज आणि निम्म्या महिन्याभराने छाटल्या तर घरात देवाला फूल मिळायचे थांबत नाही.

कळ्या येतात पण उमलण्याआधी गळतात, असेही होते. त्याचे मुख्य कारण पाण्यातील अनियमितपणा. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी बादलीभर पाणी ओतले की झाड कळ्या टाकते. कळीत बारीक फुलकिडे शिरले तरी कळी गळते. गळलेली कळी फोडून पांढऱ्या कागदावर झटकावी, म्हणजे आत बारीक हलणारे किडे आहेत की नाहीत ते कळते.

पाने पिवळी पडली की माणूस घाबरतो. पण पिवळेपणा कोठला आहे ते आधी पाहावे. जास्वंद सदाहरित आहे, याचा अर्थ तिचे पान कधी गळतच नाही असा नव्हे. ती एकदम सगळी पाने टाकत नाही, एवढेच. खालची चार-दोन जुनी पाने पिवळी होऊन गळली तर काळजीचे कारण नाही. झाडभर पाने पिवळी पडली आणि माती चिखलासारखी असेल तर पाणी तुंबले आहे असे समजावे आणि निचरा करावा. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर झाडाला लोह मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ही गोष्ट फार आढळते. लोह मातीत असते, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावी. आधी दोन-चार पानांवर फवारून पाहावे, दोन दिवसांत पान करपले नाही तर मग सगळीकडे फवारावे. शेणखत वाढवावे. आणि चुलीची राख अशा जमिनीत जास्वंदीला घालू नये. राखेने अडचण वाढते.

एवढी निगा राखली तर जास्वंद पुष्कळ वर्षे टिकते. तिचा खरा शत्रू आहे पिठ्या ढेकूण. आजच्या भाषणात सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

माझीच एक चूक सांगतो. एका नातेवाइकांकडून मी जास्वंदीची फांदी आणली. बेचक्यात पांढरे काही दिसत होते. वाटले, कोणाचा पिठाचा हात लागला असेल. फांदी लावली, ती जगली. दोन महिन्यांनी तिचे शेंडे आखडले, पाने मुठीसारखी गोळा झाली. तोवर शेजारच्या भेंडीच्या ओळीतही तेच पांढरे पीठ दिसू लागले होते. त्या वर्षी भेंडी उपटून टाकावी लागली. पीठ आणि कीड यांतला फरक त्या वेळी मला कळला असता तर ही वेळ आली नसती.

पिठ्या ढेकूण म्हणजे तांदळाच्या कणीएवढा मऊ किडा. अंगावर पांढरी मेणचट भुकटी असते. पाण्याचा थेंब त्या भुकटीवरून ओघळून जातो, म्हणून साधी फवारणी आत पोचत नाही. याच्या अनेक जाती आहेत. जास्वंदीवर नेहमी आढळणाऱ्या एका जातीचे अंग भुकटीखाली गुलाबी असते, आणि किडा चिरडला तर गुलाबी रस निघतो. १९०८ साली या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले, ते भारतातून मिळालेल्या नमुन्यांवरून. हा किडा कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून रस शोषतो. त्याच्या लाळेतील विषारी द्रव्यामुळे शेंडा वेडावाकडा होतो, पेरे आखूड होतात आणि पानांचा गुच्छ बनतो. एकेक मादी कापसासारख्या पांढऱ्या पुंजक्यात शेकडो अंडी घालते. अंड्यातून निघालेली पिले इतकी बारीक असतात की वाऱ्याबरोबर उडतात, आपल्या कपड्यांना, बैलाच्या अंगाला, कोयत्याला चिकटून दुसरीकडे जातात.

हाच गुलाबी ढेकूण आपल्याकडे द्राक्षबागांतील मोठा शत्रू आहे. तो घडात शिरला की चिकट द्रव आणि त्यावर वाढणारी काळी बुरशी यांनी माल विकण्याच्या लायकीचा राहत नाही. दुसऱ्या एका जातीच्या पिठ्या ढेकणाने २००५ नंतरच्या काही वर्षांत आपल्या देशातील कपाशीचे फार नुकसान केले. तीही जास्वंदीवर सुखाने राहते. शेतातले पीक निघाले की ढेकणाला खायला उरत नाही. पण बांधावर किंवा परसात बारमाही हिरवी जास्वंद असेल, तर तो तेथे दिवस काढतो आणि नवे पीक उगवले की परत शेतात जातो. बारमाही हिरवेपणा हा जास्वंदीचा गुण. कीड असलेल्या झाडावर तोच गुण शेतकऱ्याला बाधतो.

ही कीड किती वाढू शकते याचा अनुभव दूरच्या एका देशाने घेतला. कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडा नावाचे लहानसे बेट आहे. १९९४ साली तेथे हा गुलाबी ढेकूण प्रथम आढळला. त्या बेटावर त्याचे नैसर्गिक शत्रू नव्हते. बघता बघता जास्वंदीची कुंपणे वाळली, फळझाडे आणि जंगलातील झाडेही ग्रासली गेली, आणि कीड शेजारच्या बेटांवर पसरली. शेवटी ढेकणाच्या अंगात अंडी घालणारे बारीक परोपजीवी कीटक आणि ढेकूण खाणारे भुंगेरे बाहेरून आणून सोडले, तेव्हा कीड आटोक्यात आली.

आपल्याकडे असे मित्रकीटक पुष्कळ ठिकाणी आधीच आहेत, हे आपले भाग्य. त्यांतला एक म्हणजे क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा. कॉफीवरील किडीच्या बंदोबस्तासाठी तो १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याचा भुंगा काळसर, डोक्याकडे तांबूस असतो आणि तो ढेकणांवर तुटून पडतो. पण त्याची अळी ओळखताना माणूस फसतो. तिच्याही अंगावर पांढऱ्या मेणाचे झुबके असतात, त्यामुळे ती मोठ्या ढेकणासारखीच दिसते. खूण अशी की ती ढेकणापेक्षा बरीच मोठी असते, झुबके लांब असतात आणि ती भराभर चालते. ढेकूण जागच्या जागी बसलेला असतो. तेव्हा चिरडण्याआधी काडीने हलवून पाहा. भराभर चालू लागली तर तिला सोडून द्या, ती आपल्या कामाची आहे. कृषी विद्यापीठांच्या जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळांत या भुंगेऱ्यांविषयी चौकशी करता येते.

झाडावर ढेकूण दिसलाच तर काय करावे? पहिली गोष्ट, आखडलेले शेंडे कात्रीने कापून पिशवीत टाकावेत. पिशवी झाडाखालीच धरावी, म्हणजे किडे खाली सांडत नाहीत. मग ते शेंडे जाळावेत किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावेत. उकिरड्यावर टाकू नयेत, तेथून ते पुन्हा चढतात. दुसरी गोष्ट, पाण्याचा जोरदार झोत पानांच्या मागून मारावा. तिसरी गोष्ट, एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम मऊ साबण विरघळवून झाड ओले चिंब करावे. साबणामुळे मेणाची भुकटी भिजते आणि पाणी किड्याच्या अंगाला लागते. आठ-दहा दिवसांनी पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळली की तो अर्क तयार होतो. हे दोन-तीन वेळा करावे लागते, कारण अंड्यांतून नवी पिले निघत असतात.

चौथी गोष्ट मुंग्यांची. ढेकूण जो गोड चिकट द्रव सोडतो तो मुंग्यांना फार आवडतो. म्हणून त्या ढेकणांची राखण करतात आणि त्यांच्या मित्रशत्रूंना हुसकून लावतात. खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून तिला ग्रीस लावले की मुंग्यांची वाट बंद होते. ग्रीस थेट सालीला लावू नये. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर वर ढेकूण किंवा मावा असण्याचा पुष्कळ संभव असतो, हेही लक्षात ठेवावे.

विषारी औषध मात्र घराच्या जास्वंदीवर मारू नये. हे फूल देवाच्या डोक्यावर जाते, तेलात घालून आपल्याही डोक्यावर येते, आणि लहान मुले त्याचा देठ चोखतात.

आता फांदी देण्या-घेण्याची रीत सांगतो. देणाऱ्याने फांदी तोडण्याआधी झाडाचे शेंडे, पानांची मागची बाजू, कळीचे देठ आणि बुंध्याजवळच्या सालीच्या भेगा पाहाव्यात. पांढरे पीठ किंवा मुंग्यांची रांग दिसली तर मोकळेपणाने सांगावे, "यंदा नको, झाड स्वच्छ झाले की देईन." यात कमीपणा नाही. घेणाऱ्याने फांदी घरी आणली की पाने काढून ती साबणाच्या पाण्यात बुचकळावी, मग स्वच्छ पाण्याने धुऊन लावावी. काढलेली पाने जाळावीत. नवी कुंडी इतर झाडांपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर, महिनाभर वेगळी ठेवावी. आठवड्यातून एकदा भिंग घेऊन पाहावे. महिन्यात काही दिसले नाही तर खुशाल बागेत लावावी. छाटणीची कात्रीही एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पुसून घ्यावी.

शिक्षक बंधुभगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. शाळेच्या कुंपणाला जास्वंद लावायची म्हणून आपण मुलांना सांगतो, "उद्या प्रत्येकाने घरून एकेक फांदी आणा." समजा चाळीस मुलांनी चाळीस घरांतून चाळीस फांद्या आणल्या. त्यांतील एकीवर जरी कीड असली तरी ती सगळ्या कुंपणावर जाईल, आणि पुढच्या वर्षी त्याच कुंपणाच्या फांद्या मुले गावभर नेतील. म्हणून फांद्या एक-दोन स्वच्छ, पाहिलेल्या झाडांवरूनच घ्याव्यात. किंवा फांद्या तपासण्याचाच एक तास घ्यावा. भिंग, साबणाचे पाणी आणि चाळीस मुले यांच्या साहाय्याने जो धडा होईल तो मुले विसरणार नाहीत.

जास्वंद वर्गातही फार कामाची आहे. तिच्या मोठ्या फुलात निदलपुंज, दलपुंज, पुमंग आणि जायांग हे चारही भाग नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ब्लेडने नळी उभी चिरली की पुंकेसरांच्या नळीतून आरपार गेलेला कुक्षीवृंत आणि टोकाच्या पाच कुक्षी स्पष्ट दिसतात. शेजारी भेंडीचे फूल ठेवावे आणि मुलांना विचारावे, "दोन्ही फुले सारखी, मग एकीला भेंडी लागते आणि दुसरीला काहीच कसे लागत नाही?" मुलांनी दोन्ही झाडांवरच्या पाच-पाच फुलांना दोरे बांधून आठवडाभर नोंद ठेवावी. तसेच लाल पाकळ्या कोमट पाण्यात भिजवल्या की जो रंग उतरतो, त्यात लिंबाचा रस टाकला तर तो गडद गुलाबी होतो, आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकले तर हिरवट होतो. आम्ल आणि अल्कली यांची ओळख करून द्यायला याहून स्वस्त साधन नाही.

श्रोतेहो, जास्वंदीला स्वतःचे बी नाही, म्हणून ती आपल्या हातांवर विसंबून आहे. आजवर माहेरवाशिणींनी, शेजाऱ्यांनी, पुजाऱ्यांनी तिला घरोघर नेली. आपणही न्यावी. फक्त देण्यापूर्वी एकदा पान उलटून पाहावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.